पगडी, टोपी आणि लुगडे : आपल्या वेशाची येरझार

आपल्याकडील कोणत्याही जुन्या ज्ञातिसंस्थेच्या कार्यालयात भिंतीवर समूहछायाचित्रे टांगलेली असतात. ती कालानुक्रमाने पाहत गेल्यास एक गंमत ध्यानात येते. सर्वांत जुन्या चित्रातील पुढारी मंडळींच्या मस्तकांवर पगड्या व पागोटी आहेत, गळ्याभोवती उपरणी आहेत. त्यानंतरच्या चित्रांत काळ्या गोल टोप्या दिसतात. मग पांढऱ्या टोप्यांची रांगच्या रांग लागते. आणि पुढे एका चित्रापासून सगळी डोकी उघडी होतात. येथे ही कथा संपली असे वाटावे, तो अलीकडच्या पंधरा-वीस वर्षांतील रंगीत चित्रांत तीच डोकी पुन्हा भरलेली! गुलाबी, केशरी, भगवे फेटे, सत्कारमूर्तीस पगडी, आणि फेटा बांधलेल्यांत मुलीही. ज्या पणजोबांनी मोठ्या हिंमतीने पगडी खुंटीला टांगली, त्यांची पणतवंडे ती भाड्याने आणून घालीत आहेत.

वेश जातो आणि परत येतो, हे जगात सर्वत्र घडते. पण परत येताना तो आपल्याबरोबर काय घेऊन येतो, आणि काय मागे ठेवून येतो, हा प्रश्न मला नेहमी कुतूहलाचा वाटत आला आहे. आपल्या महाराष्ट्रात वेश ही केवळ हौसेची बाब कधीच नव्हती. ती ओळखीची, मानाची आणि कित्येकांच्या बाबतीत अपमानाचीही बाब होती. म्हणून या विषयाचा थोडा मागोवा घ्यावा असे ठरविले. आपला रत्नागिरी जिल्हा या इतिहासात अनेक ठिकाणी डोकावतो, हे वाचकांस पुढे दिसेलच.

प्रथम शिरोभूषणाविषयी. पागोटे व पगडी हे शब्द आपण आज सरसकट एकाच अर्थाने वापरतो; वस्तुतः त्यांत फरक आहे. पागोटे म्हणजे लांबच लांब कापड, जे ज्याचे त्याने रोज आपल्या डोक्याला गुंडाळावयाचे. पगडी मात्र आधीच बांधून, टाचून, पक्की करून ठेवलेली असते. ती टोपीप्रमाणे उचलून डोक्यावर ठेवावयाची. ती बांधणारे कारागीर निराळे असत. त्यांना पगडबंद म्हणत, आणि काही घराण्यांत ते आडनाव होऊन बसले आहे. बारीक पोताच्या कापडास पीळ देऊन त्याचे वेढे एकसारखे बसविणे, समोरचा माथा उंच ठेवून त्याला टोक काढणे, हे सोपे काम नव्हे. चांगली पगडी वर्षानुवर्षे टिके व बापाची मुलाला होई.

त्या काळी माणूस पन्नास पावलांवर असतानाच त्याच्या डोक्यावरून त्याची जात, मुलूख आणि बहुधा धंदाही कळत असे. पुण्याच्या ब्राह्मणांची चक्री पगडी निराळी, प्रभूंची निराळी, पारशांची निराळी. ग्वाल्हेरकडील शिंदेशाही तऱ्हा एक, तर कोल्हापूरकडील फेट्याची दुसरी. शेतकऱ्याचे मुंडासे आणखी वेगळे. उघड्या डोक्याने घराबाहेर पडणे हे अशुभ समजले जाई. तशी पाळी सुतकातच यावयाची. ‘पगडी’ या शब्दाला घर भाड्याने घेताना द्यावयाच्या ठोक रकमेचा अर्थ मुंबईत प्राप्त झाला, तोही मानाच्याच कल्पनेतून असावा असे मला वाटते. मुंबईत चाकरी केलेल्या कोकणी माणसास या दुसऱ्या पगडीचा परिचय पहिलीपेक्षा अधिक आहे, ही गोष्ट वेगळी!

आज ‘पुणेरी पगडी’ म्हणून जी ओळखली जाते तिला कित्येक लोक फार पुरातन समजतात. तिचे रूढ रूप एकोणिसाव्या शतकातील असून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. त्यानंतर तिला घरोघरी पोहोचविले ते लोकमान्यांच्या छायाचित्रांनी. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी आपल्या रत्नागिरीत झाला. आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ साली गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे. राजकारणात दोघांचे कधी जुळले नाही. परंतु पगडी व उपरणे यांपुरते दोघांचे एकमत होते असे छायाचित्रांवरून म्हणण्यास हरकत नाही.

याच पुण्यात, याच काळात, दुसरे एक पागोटे होते. महात्मा जोतीराव फुले यांना २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीचे निमंत्रण होते. जरीच्या पोशाखांतील सरदार-सावकारांच्या त्या मेळाव्यात जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राणीच्या नातलगास त्यांनी सांगितले की, येथे जमलेले हिरे-माणकांनी मढलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा खेड्यांत आहे. मस्तकावरील वस्त्र हे भाषणाइतकेच बोलके असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या इतिहासात मला आढळत नाही. ही दोन पागोटी वाचकांनी ध्यानात ठेवावीत. सव्वाशे वर्षांनी ती पुन्हा समोरासमोर येणार आहेत.

पगडी गेली ती कोणाच्या आज्ञेने नव्हे. इंग्रजी शाळा, कचेऱ्या आणि आगगाडी यांनी तिला हळूहळू हटविले. डोक्याचा घेरा राखून शेंडी ठेवण्याची रीत गेली आणि पुढचे केस वाढले, तेव्हा पगडी डोक्यावर नीट बसेना. गर्दीच्या गाडीत ती सांभाळणे कठीण, नवी बांधून घेणे महाग. काळी गोल टोपी स्वस्त, हलकी, आणि मुख्य म्हणजे तिच्यावरून जात कळत नसे. या शेवटच्या गुणाची त्या वेळी फारशी वाच्यता झाली नाही. तथापि, तो लहान गुण नव्हे.

त्यानंतर आली पांढरी टोपी. लोकमान्यांचे देहावसान १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत झाले, आणि महात्मा गांधींच्या असहकारितेच्या चळवळीचा प्रारंभ ठरला होता तो नेमका त्याच दिवशी. पगडीचा पुढारी गेला त्याच दिवशी टोपीचे युग सुरू झाले, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे. १९१५ साली आफ्रिकेतून परतले तेव्हा गांधीजी काठेवाडी पागोटे घालीत. पुढे त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील टोप्या न्याहाळल्या, आणि काश्मिरी टोपीच्या धर्तीवर खादीची घडी पडणारी टोपी बेतली. ही हकीकत त्यांनी काकासाहेब कालेलकरांना सांगितलेली असून काकासाहेब हे मूळचे साताऱ्याचे, मराठी भाषिक. पागोट्यास लागते त्याच्या कितीतरी कमी कापडात ही टोपी होते, ती घडी करून खिशात मावते, आणि पांढरी असल्यामुळे मळ लगेच दिसतो म्हणून ती वरचेवर धुवावी लागते, असा त्यामागे विचार होता. दक्षिण आफ्रिकेतील तुरुंगात कैद्यांना मिळणाऱ्या टोपीवरून ती सुचली, असेही एक मत प्रचलित आहे. दोन्ही मते आपापल्या परीने ग्राह्य वाटतात. कैद्याची टोपी मानाची करून दाखविणे हे गांधीजींच्या स्वभावास धरूनच झाले असते.

सरकार या टोपीस फार बिचकले. अनेक कचेऱ्यांत ती घालून येणाऱ्यांवर रोष झाला. आणि येथे आपल्या रत्नागिरीचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. असहकारितेच्या त्या दिवसांत येथील न्यायाधीशाने फतवा काढला की, वकिलाने गांधी टोपी किंवा खादीची टोपी घालून न्यायालयात येणे हा न्यायाधीशाचा अवमान समजला जाईल. वकिलाने यावे ते पागोटे घालूनच! वाचकांनी या आज्ञेतील विनोद लक्षात घ्यावा. इंग्रज अधिकारी आमच्या वकिलांना आमचेच जुने पागोटे घालण्याची सक्ती करीत होता, आणि आमचे वकील आमचेच जुने पागोटे सोडून देण्यासाठी रोष पत्करीत होते. परंपरेचा कैवार केव्हा कोण घेईल आणि कशासाठी, हे सांगता येत नाही.

गांधीजींनी स्वतः ही टोपी फार तर दोन-तीन वर्षे वापरली. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरा येथे त्यांनी पंचा स्वीकारला व त्यानंतर डोके उघडेच राहिले. नाव मात्र टोपीला त्यांचे चिकटले ते कायमचे. महाराष्ट्राच्या खेड्यांत तर ती इतकी मुरली की, शेतकरी, वारकरी, शिक्षक, आणि मुंबईचे डबेवाले या सर्वांची ती झाली. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, आमच्या प्राथमिक शाळेतील दोन्ही गुरुजी टोपी घालून येत; आणि वर्गात टोपी काढून टेबलावर ठेवली गेली की आज मार बसणार, हे आम्ही ओळखत असू. मी स्वतः शिक्षक झालो तोवर नव्या शिक्षकांत टोपी कोणी घालीत नसे.

स्वातंत्र्यानंतर या टोपीचे दुर्दैव असे की, ती त्यागाची न राहता सत्तेची खूण झाली. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील यांच्या मस्तकावर ती शोभली. परंतु ‘टोपी घालणे’ या वाक्प्रचारास लोकांनी नवा जोर दिला तो उगीच नव्हे. पुढे पुढे ती विधिमंडळातूनही दिसेनाशी झाली. आणि मग २०११ च्या ऑगस्टमध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषणास बसले, तेव्हा ज्यांनी आयुष्यात टोपी घातली नव्हती अशा हजारो तरुणांनी ती घातली. तिच्यावर ‘मी अण्णा हजारे’ अशी अक्षरे होती. पुढल्याच वर्षी स्थापन झालेल्या एका पक्षाने तीच टोपी आपली निशाणी केली. इतर पक्षांनीही आपापल्या रंगांत ती रंगविली. गांधीजींच्या टोपीवर एक अक्षरही नव्हते. ती कोरी होती म्हणून सर्वांची होऊ शकली. अक्षरे आली आणि टोपी पुन्हा ओळख सांगू लागली. जी ओळख पुसण्याचा गुण तिच्यात होता, तो या पुनरागमनात हरवला असे माझे मत आहे.

आता स्त्रियांच्या वेशाकडे वळू. कारण खरे मोल तेथे चुकवावे लागले आहे.

नऊवारी लुगडे हा आपल्या प्रांताचा खास वेश. मागे काष्टा असल्यामुळे त्यात चालणे, वाकणे, शेतात लावणी करणे, डोंगर चढणे सर्व काही सुखाने होते. माझी आजी अखेरपर्यंत नऊवारीच नेसली, आणि चिखलातही तिची चाल कधी अडखळली नाही. गोल पाचवारी पातळ आले ते शिकलेल्या शहरी स्त्रियांकडून. दुसऱ्या महायुद्धातील कापडाच्या टंचाईने त्यास हातभार लावला, कारण नऊ वारांचे काम पाच वारांत भागू लागले. जुन्या पिढीने त्यावर टीका पुष्कळ केली. आज गंमत अशी की, पाचवारी हाच पारंपरिक वेश ठरला असून नऊवारी ही सणावारी मिरविण्याची वस्तू झाली आहे.

परंतु लुगडे नेसण्याची तऱ्हा सर्वांस एकसारखी मोकळी नव्हती. खालच्या मानलेल्या जातींतील स्त्रियांनी ते किती खाली नेसावे, दागिने कोणत्या धातूचे घालावेत, यावर गावाची नजर असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे सत्याग्रह परिषद भरली. त्या वेळी जमलेल्या स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वतंत्र भाषण केले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, आपल्याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात. त्यांनी स्त्रियांस सांगितले की, ज्या पद्धतीच्या नेसण्यावरून व ज्या जड, हिणकस दागिन्यांवरून तुमची जात दुरूनच ओळखू येते ती पद्धत व ते दागिने टाकून द्या. लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नेसा, आणि स्वच्छ राहा. त्यांपैकी अनेकींनी तेथल्या तेथेच नेसण्याची रीत बदलली. एका वीतभर काठाची ही गोष्ट. पण तो वीतभर काठ खाली आणण्यास धैर्य लागले. बाबासाहेब स्वतः कोट, पाटलोण व टाय वापरीत, त्याचेही मर्म हेच. ज्यांना परंपरेने मानाचा वेश दिला होता त्यांना परक्या वेशाचा त्याग हा पराक्रम वाटला. ज्यांना परंपरेने अपमानाचा वेश दिला होता त्यांच्या दृष्टीने तोच परका वेश मुक्तीचा होता. दोन्ही गोष्टी एकाच दशकात, एकाच कोकणात घडल्या.

दुसरा एक वेश होता, ज्याचे नाव आजच्या मुलींना ठाऊकही नसेल : आलवण. पांढरपेशा जातींतील विधवेचे केशवपन करून तिला तांबूस रंगाचे ते लुगडे दिले जाई, आणि मरेपर्यंत तिच्या अंगावर दुसरा रंग चढत नसे. दापोलीजवळील मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९५८ साली याच अण्णासाहेबांस भारतरत्न मिळाले. नऊवारी परत आली, नथ परत आली, खोपा परत आला. आलवण आले नाही. जुने सगळेच चांगले होते असे म्हणणाऱ्यांस मी हा एक शब्द आठवून पाहण्याची विनंती करतो.

नऊवारीच्या माघारीस आणखी एक कारण झाले. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी स्थापन केली, आणि तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्याची माणसे गिरण्यांच्या दारात उभी राहिली. शिमग्याला व गणपतीला चाकरमानी गावी येई तेव्हा ट्रंकेत घरच्या बायकांसाठी गिरणीचे लुगडे असे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यातून गिरण्या सावरल्याच नाहीत. त्या वर्षांत माझ्या वर्गातील मुलांच्या गणवेशावर ठिगळे दिसू लागली होती. ज्यांच्या बापांनी आयुष्यभर कापड विणले त्यांचीच ती मुले होती.

नऊवारीचे पुनरागमन झाले ते शोभायात्रांतून. डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानने १९९९ साली गुढीपाडव्यास नववर्ष स्वागतयात्रा काढली. ती प्रथा गिरगावात, ठाण्यात आणि पुढे आपल्या रत्नागिरीपर्यंत पसरली. त्यात नऊवारी नेसलेल्या, फेटा बांधलेल्या, नथ घातलेल्या तरुणी दुचाक्या चालविताना दिसतात. यांतील पुष्कळशा नऊवाऱ्या शिवलेल्या असतात, म्हणजे पाटलोणीसारख्या चढवावयाच्या. जुन्या बायका याला नाके मुरडतात. मला त्यात दोष दिसत नाही. पगडी तरी दुसरे काय होती? रोज गुंडाळावयाच्या पागोट्याचा तो शिवून ठेवलेला अवतारच. आणि फेटा हा पुरुषाचा मान, तो मुलींनी परस्पर उचलला व कोणी हरकत घेतली नाही, ही घटना एखाद्या सुधारणेच्या परिषदेत ठराव करून घडली नसती.

नथीविषयी थोडे सांगितले पाहिजे. नथ म्हणजे आपल्या संस्कृतीचे आद्य लेणे असा पक्का समज आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनत्वावर निबंध लिहिला. हे गोडे आपल्या देवरूखचे. जिलबीपासून तंबाखूपर्यंत नित्याच्या वस्तूंचा इतिहास जुन्या पोथ्यांतून हुडकून काढण्याचा त्यांचा हातखंडा होता. त्यांचा निष्कर्ष असा की, इसवी सनाच्या पहिल्या हजार वर्षांतील संस्कृत वाङ्मयात नाकातील अलंकाराचा उल्लेख मिळत नाही. प्राचीन शिल्पांतील देवता व राण्या कान, कंठ, कटी सर्व अलंकारांनी मढलेल्या असूनही त्यांची नाके मोकळीच आहेत. सुप्रसिद्ध इतिहासकार डॉ. अ. स. आळतेकर यांनीही हेच मत मांडले होते. म्हणजे हा अलंकार बाहेरून आला आणि मोत्यांचा घोस व लाल खडा यांसह आपल्या हाती त्याला जे रूप आले ते सर्वस्वी मराठी झाले. आता तर नाक न टोचता लावावयाची चापाची नथ निघाली आहे. २०१३ साली दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या एका मालिकेतील जान्हवी नावाच्या सुनेचे लांब मंगळसूत्र पाहून गावोगावच्या सोनारांकडे तशीच मागणी आली, हे तर अनेकांच्या घरी घडलेले आहे. पूर्वी सरदारांच्या वाड्यातून जे झिरपत असे ते आता मालिकांतून झिरपते.

थिबा राजा १८८६ ते १९१६ अशी तीस वर्षे आपल्या गावात कैदेत होता; पण ब्रह्मी वेशाची एकही खूण आपल्या पेहरावात राहिलेली दिसत नाही. राजा झाला तरी कैदेतील राजाचे अनुकरण कोणी करीत नसावे.

पैठणीची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. म्हणून थोडक्यात लिहितो. पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. पेशव्यांनी व पुढे निजामाच्या घराण्याने या वस्त्रास आश्रय दिला. संस्थाने गेली, आश्रय गेला, आणि माग थंडावले. येवल्याच्या विणकरांनी ते टिकवून धरले. २००४ साली दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमात जिंकणाऱ्या गृहिणीस पैठणी मिळू लागली व हे नाव पुन्हा घरोघरी गेले. २०१० साली पैठणीस भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि, बाजारातील बहुतेक पैठण्या यंत्रमागाच्या असतात. भगिनींनी एक साधी परीक्षा करावी. पदर उलटून पाहावा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत नक्षीचे रंग एकमेकांत अडकवून विणलेले असल्यामुळे मोर, पोपट, वेलबुट्टी मागील बाजूसही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरील नकलेत मागे धाग्यांचे जाळे लोंबते. विणकराच्या महिनोन् महिन्यांच्या श्रमाचा पुरावा पाठीमागच्या बाजूस असतो.

वहाणांच्या बाबतीत गेल्याच वर्षी मोठे प्रकरण झाले. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी ‘प्राडा’ या बड्या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले, त्यात पायांत चक्क आपली कोल्हापुरी. पण कोल्हापूरचे नाव कोठेही नाही. महाराष्ट्रात ओरड झाली, व्यापारी संघटनेने पत्र लिहिले, आणि या पादत्राणांची प्रेरणा भारतीय कारागिरीतून घेतली असल्याचे कंपनीस मान्य करावे लागले. कोल्हापुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार व कर्नाटकातील चार असे आठ जिल्हे येतात. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले म्हशीचे कातडे, खिळ्यांऐवजी कातड्याच्याच वादीची शिवण, आणि चालताना होणारी करकर ही तिची लक्षणे. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्यास उत्तेजन दिले. साठ-सत्तरच्या दशकांत पाश्चात्त्य तरुण भटक्यांनी ती पायांत घालून जगभर नेली, म्हणजे तिचा हा दुसरा विदेशप्रवास. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीने महाराष्ट्र व कर्नाटक येथील शासकीय चर्मोद्योग महामंडळांशी करार करून येथील कारागिरांकडून दोन हजार जोड बनवून घेण्याचे जाहीर केले. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो सांगण्यात आली. म्हणजे आपल्या ऐंशी हजार रुपयांच्या आसपास. ज्या समाजाने हे कातडे पिढ्यान् पिढ्या कमावले त्याला ते कमावल्याबद्दलच गावाबाहेर ठेवण्यात आले होते. वहाण वाड्यात गेली. ती करणारा वेशीबाहेर राहिला. कराराचे कागद झाले, हे चांगले झाले. त्या ऐंशी हजारांतील किती हिस्सा आरी चालविणाऱ्या हातात पडतो, यावर शासनाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

शेवटी पुन्हा पगडीकडे. पुणेरी पगडीस सप्टेंबर २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मधल्या काळात तिला रंगभूमीने व गणेशोत्सवातील देखाव्यांनी जिवंत ठेवले होते. आता ती सत्काराची वस्तू झाली. शाल, श्रीफळ आणि पगडी. जून २०१८ मध्ये पुण्यातील एका पक्षमेळाव्यात श्री. शरद पवार यांनी यापुढे सत्कारास पुणेरी पगडी न वापरता महात्मा फुले यांचे पागोटे वापरावे असे सांगितले, आणि वर्तमानपत्रांतून मोठा वाद माजला. पुढे जानेवारी २०१९ मध्ये पुण्याच्या विद्यापीठाने पदवीदान समारंभातील इंग्रजी झगा काढून भारतीय पोशाख आणला व सोबत पुणेरी पगडी ठेवली. तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात फुले पागोटे का नको, असा प्रश्न काही विद्यार्थ्यांनी उभा केला. राजकारणाशी या स्मरणिकेचा संबंध नाही. परंतु ‘पगडी ही केवळ शोभेची वस्तू आहे’ असे म्हणणाऱ्यांना हा प्रश्न चुकीचा वाटला, तरी इतिहास पाहिलेल्यास तो चुकीचा वाटणार नाही. १८८८ सालच्या मेजवानीतील अंतर त्या दोन शिरोभूषणांत अजून शिल्लक आहे. आपल्या गुणगौरव समारंभातही मुलांच्या डोक्यावर काय ठेवावे, यावर कार्यकारिणीत चर्चा होते. कोणतेही ठेवावे, मात्र मुलांना ते कोणाचे होते व कोणाचे नव्हते, हे दोन वाक्यांत सांगून मग ठेवावे, अशी सूचना मी मांडली आहे.

आणखी एक विनंती. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर, पेटाऱ्यात आजोबांची पगडी, पणजीचे लुगडे, जुना शेला पडून असेल. ते पाण्याने धुऊ नये. जर काळी पडते व रेशीम जागोजाग तुटते. प्लॅस्टिकच्या पिशवीतही ठेवू नये, कोकणच्या दमट हवेत बुरशी धरते. स्वच्छ पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळावे, वर्षातून दोनदा सावलीत उघडावे, आणि घडी दर खेपेस बदलावी. सोबत एका चिठ्ठीवर ती वस्तू कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या प्रसंगी घेतली, हे ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्यांकडून लिहवून घ्यावे. आणि त्या वस्तूचे व चिठ्ठीचे एकेक छायाचित्र मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांस जागा देण्याचे संपादकांनी मान्य केले आहे.